पुढून बांधलेली गाठ

आमच्या ताईच्या हातातच काटा होता. मळलेल्या पिठाच्या ढिगातून ती बोटांनी एक गोळा तोडी, तळहातावर क्षणभर तोली आणि फळीवर टाकी. दुसरा तोडी, तोली, टाकी. आणि असे शंभर गोळे रांगेने बसले, की भावोजी गंमत म्हणून त्यांतला कुठलाही एक उचलून लहान तराजूत घालत. पन्नास ग्रॅम. दुसरा घालत. पन्नास ग्रॅम. तिसऱ्यात एखादा ग्रॅम इकडेतिकडे झालाच, तर ताई त्या गोळ्याकडे अशी बघे, की जणू आगाऊपणा त्यानेच केला आहे. देवाने कुणाच्या गळ्यात सूर ठेवला, कुणाच्या डोळ्यांत रंग ठेवला. माझ्या बहिणीच्या तळहातात त्या दयाळूने वजन ठेवले होते.

आणि याच बाईला स्वतःच्या देहाचे वजन चार महिने चुकीचे कळत राहिले, तेही तिच्या स्वतःच्या बेकरीतल्या काट्यावर! ताईला जाऊन आता तीन वर्षे झाली. तिच्या पोटाच्या शस्त्रक्रियेची ही हकीकत आमच्या घरात पुष्कळदा सांगून झाली आहे, पोट धरधरून हसत सांगून झाली आहे. पण सांगणाऱ्यांतले एकेक माणूस उठून चालले, की उरलेल्याने ती लिहून ठेवावी. म्हणून लिहितो.

बेकरी म्हणजे तीन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर आणि काचेचे कपाट, कपाटात बन, टोस्ट, बिस्किटे. मधल्या खोलीत पीठ मळायचे यंत्र, लांब लाकडी फळ्या आणि कोपऱ्यात पोती तोलायचा जुना काटा: खाली लोखंडी पाट, वर पितळी दांडी, दांडीवर सरकणारे वजन, आणि दांडीच्या टोकाशी काटा शून्यावर आणायचा छोटा स्क्रू. मागच्या खोलीत भट्टी. मधल्या खोलीत सगळ्यावर मैद्याचा थर असे. खिडकीच्या गजांवर, दिव्याच्या वायरीवर, काट्याच्या दांडीवर, भावोजींच्या भुवयांवर. ताई एकविसाव्या वर्षी लग्न होऊन या खोल्यांत आली आणि महिन्याभरात तिच्याही भुवया पांढऱ्या झाल्या. गल्लीतल्या पोरांनी तिचे नाव 'मैदाताई' ठेवले. ते तिने शेवटपर्यंत मिरवले.

तिच्या सासूबाई मोजून बोलत. यंत्रापाशी उभे राहायचा त्यांचा एकच नियम होता. एप्रनचे बंद मागे न्यायचे, एकावर एक फिरवून पुढे आणायचे आणि बेंबीच्या वर, मधोमध, सुरगाठ मारायची. यंत्राचा लोखंडी हात सारखा फिरत असतो. त्याने एप्रनचे टोक धरले, तर विचार करायला वेळ मिळत नाही. डाव्या हाताने बंद ओढला, की एप्रन गळून पडला पाहिजे आणि माणूस मागे आला पाहिजे. रोज सकाळी सासूबाई स्टुलावर बसून परीक्षा घेत. "ओढ," म्हणत. ताई ओढी. एप्रन पायांशी पडे. "हं. बांध आणि जा." ज्याची गाठ पुढे येत नाही, त्याने यंत्राकडे फिरकायचे नाही, मग तो मालक का असेना.

ताईची ती वर्षे मला आठवतात. मी सुट्टीत तिच्याकडे जाई, तेव्हा सकाळी जाग यायची ती यंत्राच्या घरघरीने. त्या घरघरीला एक ठेका होता, आणि त्या ठेक्यावर ताई देवाचे नाव घेत असे, मोठ्याने नव्हे, ओठांतल्या ओठांत. कोपरापर्यंत हात पिठात, मुखात नाम, पोटावर पांढऱ्या बंदाची ती सुबक गाठ. आमच्या आईने तिला एकदा तसे पाहिले आणि मला हळूच म्हणाली, "हिला वेगळं देऊळ कशाला हवंय रे?"

मग तीन बाळंतपणे झाली. भट्टीतून निघालेल्या पहिल्या ट्रेची चव बघणे हे ताईचे काम, आणि दिवसाला ट्रे निघत चौदा. अंग भरले, मग सुटले, मग सुटतच गेले. एकशे बारा किलो. एके सकाळी बंद पुढे आलेच नाहीत.

"बंद लांब करून घेते ना, आई," ताई म्हणाली.

"बंद लांब होतील गं," सासूबाई म्हणाल्या. "पण एवढ्या पोटावर बसलेली गाठ तुझ्याआधी यंत्रात जाईल. उद्यापासून काउंटर."

त्या दिवशी सासूबाईही जेवल्या नाहीत, हे भावोजींनी मला नंतर सांगितले. यंत्र धाकट्या जावेकडे गेले. जाऊ कामाची चांगली, जिभेची तिखट आणि मनाची मऊ. पुढची अकरा वर्षे ताईने दुसऱ्याच्या हाताने मळलेला पाव कागदात बांधून गिऱ्हाइकाला दिला. हसतमुखाने दिला. पण यंत्र सुरू झाले, की काउंटरवरची तिची बोटे नकळत काहीतरी तोडत, तोलत, टाकत असत.

सासूबाई गेल्या, त्या वर्षी ताईने मनावर घेतले. दोन वर्षे रोज पहाटे पायी चालली. पहिल्या ट्रेची चव जावेकडे सोपवली. देवाचे नाव तेच, फक्त आता ते पावलांच्या ठेक्यावर. चाळीस किलो उतरले! बहात्तरवर काटा आला, तेव्हा भावोजींनी काट्याला हात जोडले. दुसऱ्या सकाळी ताईने एप्रन बांधला, बंद फिरवून पुढे आणले, गाठ मारली आणि जावेपुढे जाऊन उभी राहिली.

सासूबाईंच्या स्टुलावर बसून जाऊ म्हणाली, "ओढा, जाऊबाई."

ताईचा डावा हात पोटावर गेला आणि तिथेच चाचपडत राहिला. देह उतरला होता, पण तीन बाळंतपणांनी आणि चाळीस किलोंनी ताणलेली कातडी कुठे जाणार? ती रिकाम्या पोत्यासारखी खाली लोंबत होती. बंद सरकून त्या घडीखाली गेला होता आणि गाठही त्याच्याबरोबर गेली होती.

"एवढ्या वेळात यंत्रानं एप्रन, तुम्हाला आणि सोडवायला आलेल्या मला, तिघांनाही मळलं असतं," जाऊ म्हणाली. दोघी खूप हसल्या. हसून झाल्यावर ताईने एप्रन काढून खिळ्याला लावला आणि काउंटरवर गेली. त्या घडीखाली भट्टीच्या उष्णतेने कातडी सोलवटून निघे, हेही तिने आजवर कुणाला सांगितले नव्हते. ते तिने त्या दिवशी भावोजींना सांगितले, आणि भावोजी तिला प्लास्टिक सर्जनकडे घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई वयाने ताईपेक्षा लहान, बोलायला सरळ. त्यांनी तपासले आणि म्हणाल्या, "एक आधीच सांगते. हे ऑपरेशन वजन कमी करायचं नाही. ते काम तुम्ही केलंत. मी उरलेली कातडी काढणार आणि बाळंतपणात लांब गेलेले पोटाचे स्नायू जवळ आणून शिवणार."

"मग कधी?" ताईने विचारले. तिला एवढेच विचारायचे होते.

"वजन एका जागी थांबलं, की. सहा महिने थांबून दाखवा. दोन किलो इकडे, दोन किलो तिकडे, त्याहून जास्त नाही. दर रविवारी घरच्या काट्यावर बघा आणि मला कळवा."

"आमचा काटा पोत्यांचा आहे," भावोजी म्हणाले.

"मग तर उत्तम. माणसांचे काटे माणसांना घाबरतात."

पहिले दोन महिने बहात्तर, साडेबहात्तर, बहात्तर. रविवारी सकाळी भट्टी थंड असताना ताई पाटावर चढे, भावोजी दांडीवरचे वजन सरकवत, दांडी मधोमध तरंगू लागली की ताई स्वतः वाकून आकडा वाची आणि डॉक्टरीणबाईंना फोन करी. आणि मग आमची आई गेली.

ताई माझ्याकडे येऊन तीन आठवडे राहिली. आईच्या वस्तू आवरत राहिली, आणि उभ्या उभ्या जे हाताला लागेल ते खात राहिली. आईची चादर घडी करता करता एक बिस्किट, आईचा चष्मा पुसता पुसता दुसरे. दुःखाला भुकेचा वेष घेता येतो. मी ते डोळ्यांनी पाहिले आणि मला कळले नाही.

ती परत गेली, त्या रविवारी पाटावर चढली. भावोजींनी वजन सरकवले. बहात्तरवर दांडी तरंगेना. त्यांनी ताईकडे पाहिले. तिचे डोळे सुजलेले होते आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. भावोजी म्हणाले, "थांब, काट्यात मैदा बसलाय," आणि फडके घेऊन त्यांनी काटा पुसला. पुसता पुसता टोकाच्या स्क्रूला एक वेढा दिला. दांडी तरंगली.

"बहात्तर," ताईने वाचले. आई गेल्यापासून पहिल्यांदा ती थोडी हसली.

त्या हसण्यासाठी तो भला माणूस फसला, मायबापहो! पुढच्या रविवारी पाऊण वेढा अधिक. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी जरासा. ताई उतरून गेली, की भावोजी स्क्रू पुन्हा जागेवर आणून ठेवत, कारण त्याच काट्यावर रोज पीठ तोलले जाई आणि पिठाशी खोटेपणा त्यांना जमणारा नव्हता. चार महिने असे चालले. आकडे बहात्तरच राहिले. डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली. ताईने नवा एप्रन शिवून घेतला आणि तो घडी करून कपाटात ठेवला.

संशयाला जागा होती, नाही असे नाही. काउंटरवरही ताई एप्रन घालतच असे, आणि गाठ मारल्यावर उरणारी बंदाची टोके आखूड होत चालली होती.

"धुऊन धुऊन बंद आटलेत," ताई म्हणाली.

"तुमचेच बरे आटतात?" जाऊ म्हणाली. "आपण सगळे एप्रन एकाच बादलीत धुतो."

शस्त्रक्रियेला आठ दिवस उरले असताना मी सोबतीला म्हणून तिच्याकडे पोचलो. सोमवारची सकाळ होती. भावोजी दवाखान्यातले कागद आणायला गेले होते. ताई काउंटरवर होती. मधल्या खोलीत जावेने पीठ तोलले, पाणी ओतले, यंत्र सुरू केले. ताई माझ्याशी बोलत होती, आणि बोलता बोलता थांबली.

"यंत्र कण्हतंय," ती म्हणाली.

मला काही वेगळे ऐकू आले नाही. ती उठून आत गेली, मी मागोमाग. जावेने यंत्र थांबवले. ताईने पिठात बोटे खुपसली.

"पाणी कमी घातलंस?"

"मापानं घातलंय."

"पीठ किती?"

"पंचवीस. काय जाऊबाई, काल आलेय का मी?"

ताईने एक गोळा तोडला, तळहातावर धरला, दोन बोटांनी ताणला. तो चरचर फाटला. "हे पंचवीस नाही," ती म्हणाली. "एकोणतीसच्या पुढे आहे."

काटा तपासायला भट्टीमागे वीस किलोचे लोखंडी वजन ठेवलेले असे. ते मी उचलून आणले आणि पाटावर ठेवले. ताईने दांडीवरचे वजन सरकवले. काट्याने आकडा दाखवला: साडेपंधरा.

आम्ही तिघे त्या दांडीकडे बघत राहिलो. जाऊ म्हणाली, "मोडला वाटतं मेला." पण ताई वाकून दांडीच्या टोकाशी बघत होती. त्या खोलीत सगळ्यावर मैदा होता. गजांवर, वायरीवर, आमच्या तिघांच्या खांद्यांवरसुद्धा. फक्त तो एवढासा स्क्रू आरशासारखा चमकत होता. एकदा फिरवलेला स्क्रू असा चमकत नाही. आदल्या दिवशी, रविवारी, ताई उतरते न उतरते तोच पुढे गिऱ्हाईक आले, भावोजी धावले आणि स्क्रू मागे फिरवायचा राहून गेला.

ताईने बोटांवर हिशेब केला. बहात्तर अधिक साडेचार. मग तिने स्क्रू जागेवर आणला, लोखंडी वजन वीस दाखवते आहे हे पाहिले, जावेला म्हणाली, "पाणी वाढव, पीठ सुटेल," आणि स्टुलावर बसून राहिली.

भावोजी कागद हलवत आले. "झालं! सही केली की काम फत्ते." मग त्यांना स्टूल दिसले, स्टुलावरची ताई दिसली, काट्यापाशी ठेवलेले लोखंडी वजन दिसले, आणि कागद हातात तसाच राहिला.

"कधीपासून?" ताईने विचारले.

"आई गेल्यापासून."

"दर रविवारी?"

"दर रविवारी." भावोजी दारातच उभे होते. "तुझ्याकडे बघवत नव्हतं गं. सगळंच हललं होतं तुझं. एक आकडा तरी जागेवर राहू दे, असं वाटलं."

"अहो, हातातला गोळा एका ग्रॅमनं चुकला, तर मी झोपत नाही. आणि तुम्ही मला साडेचार किलोंनी चुकवलंत?"

जाऊ मध्ये पडली. "कुणाला कळतंय? टेबलावर झोपल्यावर साडेचार किलोंसाठी कोण उठवून घरी पाठवतंय? जाऊबाई, अकरा वर्षं थांबलात. आठ दिवसांवर आलंय. गप बसा."

ताई गप्प बसली. खरेच बसली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. मोह कसा येतो आणि कुठवर येतो, ते मला तिथे दिसत होते. नवा एप्रन कपाटात होता. कागदावर एक सही बाकी होती. यंत्र चार पावलांवर होते.

मग ती भावोजींना म्हणाली, "पाव कच्चा राहिलाय आणि गिऱ्हाईक दारात उभं आहे. सासूबाई काय करायच्या?"

"परत पाठवायच्या," भावोजी हळूच म्हणाले.

"गिऱ्हाइकाला?"

"पावाला. भट्टीत."

"मग चला," ताई उठली. "आजच जाऊन सांगू."

दवाखान्यात भावोजी तिच्याआधी बोलले. "चूक माझी आहे, डॉक्टर. काटा माझा आहे." आणि त्यांनी वेढ्यांसकट सगळे सांगितले. डॉक्टरीणबाईंनी आधी हसू दाबले. मग ताईला आपल्या काट्यावर उभे केले. साडेशहात्तर.

"साडेचार किलोंची मला भीती नाही," त्या म्हणाल्या. "काटा अजून चढतोय, त्याची आहे. मी आज घट्ट शिवलं आणि वजन चढतच राहिलं, तर आतली शिवण ताणेल, कातडी पुन्हा पसरेल. आणि धास्तीनं तुम्ही नंतर एकदम दहा किलो उतरवलेत, तर तीच कातडी पुन्हा सैल पडेल. मी कातडी एकदा बेतून देते. तिच्या आतलं माप तुम्हाला सांभाळायचं आहे."

ताई म्हणाली, "भट्टी जास्त तापली, तर पाव फुगून वरची साल फाटते. आणि नीट भाजायच्या आत गार वाऱ्यात काढला, की बसतो, सुरकुततो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. "हे मी आता सगळ्या पेशंटना सांगणार. पुढची तारीख आत्ता देत नाही. आधी उतरवा, मग सहा महिने थांबवा. आणि तुम्ही," त्या भावोजींकडे वळल्या, "बायकोचं वय लपवणारे नवरे मी पुष्कळ पाहिलेत. वजन लपवणारे तुम्ही पहिलेच."

बाहेर आल्यावर ताई पायरीवर बसून रडली. भावोजी एक पायरी खाली बसले. आईसाठी ती अशी रडली नव्हती. ते रडणेही त्यातच वाहून गेले, असे मला वाटते.

त्यानंतर दहा महिने गेले. दर रविवारी पाटावर आधी भावोजी चढत, मग ताई. नवऱ्याने स्वतःचे वजन आधी दाखवायचे, ही शिक्षा जावेने ठरवली होती, आणि दांडीला हात लावायचा मानही तिचाच. "सरका, भावजी," ती म्हणे. "तुमचा हात गोड आहे, पण काट्याला मधुमेह होतो." भावोजींचे सात किलो उतरले आणि ते एका हाताने पँट सांभाळत भट्टीत ट्रे सारू लागले. ताई एकाहत्तरवर आली आणि तिथे थांबली. आठवडे गेले, महिने गेले. आकडा थांबला, ताईही थांबली. संध्याकाळी ती आईचे नाव काढून मोकळेपणी रडे, आणि मग तिला बिस्किट लागत नसे.

शस्त्रक्रिया झाली. पहिले आठ-दहा दिवस ती कमरेत वाकून चाले. सरळ उभी राहिली, तर टाके ओढत. पोटाला रुंद पट्टा, आतले पाणी निघून जायला कुशीला दोन नळ्या. दीड महिना काही उचलायचे नाही. ताईला काही उचलू न देणे म्हणजे नदीला वाहू न देणे. भावोजी तिच्या हातातून पाण्याचा तांब्यासुद्धा काढून घेत.

"तांब्या आहे हो, पोतं नव्हे!"

"वजन किती आहे ते सांग, मग देतो."

"सहाशे चाळीस ग्रॅम. पाण्यासकट." भावोजींनी तो खरेच तोलला. सहाशे पस्तीस.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. त्या सकाळी मी तिथे होतो. कपाटातला नवा एप्रन निघाला, त्याच्या घड्यांच्या रेघा पडल्या होत्या. ताईने तो गळ्यात घातला. बंद मागे नेले, फिरवले, पुढे आणले. पोटावर, बेंबीच्या वर, मधोमध, सुरगाठ मारली. गाठ जिथे मारली तिथे राहिली. सरकली नाही, लपली नाही. उजळत्या खिडकीसमोर ती पांढरी गाठ मला समईच्या ज्योतीसारखी दिसली, आणि हे लिहितानाही दिसते आहे.

जाऊ स्टुलावर बसली. तिने घसा खाकरला. "ओढा."

ताईने उजवा हात पिठाच्या दिशेने धरला आणि डाव्या हाताने टोक ओढले. एप्रन पायांशी पडला.

"बांधा आणि जा," जाऊ म्हणाली आणि चटकन भट्टीकडे निघून गेली, कारण तिच्या डोळ्यांना पाणी आले होते आणि ते कुणी पाहिलेले तिला चालत नसे. यंत्र सुरू झाले. घरघर, घरघर, आणि अकरा-बारा वर्षांनी त्या ठेक्यावर पुन्हा ओठ हलू लागले.

पुढे ताईने एकोणीस वर्षे ते यंत्र चालवले. सगळे सपाट गेले असे नाही. थंडीच्या दिवसांत दोन-तीन किलो चढत. ते दंडांवर बसत, मांड्यांवर बसत, पोट बहुतेक जागेवर राही. एकदा गुडघा दुखावून चार महिने घरात बसली, तेव्हा नऊ किलो चढले. पोट वरच्या बाजूने गोल झाले, गाठ पुढे येऊन बसली. तिने कुणी सांगायची वाट पाहिली नाही; एप्रन खिळ्याला लावला आणि काउंटरवर जाऊन बसली. वजन हळूहळू उतरवून आली, तेव्हा पोट पहिल्याइतके घट्ट राहिले नव्हते. "डॉक्टरीणबाईंची शिवण नाही सुटली," ती म्हणाली, "मीच ताणली." पण गाठ हाताला लागत होती आणि टोक ओढले की एप्रन पडत होता. तेवढे तिला पुरेसे होते.

शेवटचे दुखणे सात महिन्यांचे. अन्न जाईना. वजन इतक्या झपाट्याने उतरू लागले, की तसे पूर्वी दोन वर्षे घाम गाळूनही उतरले नव्हते. सैल पडलेली कातडी ती मला चिमटीत धरून दाखवी आणि म्हणे, "बघ, बाईंनी सांगितलंच होतं. पाव बसला." मला हसता येत नसे, तीच हसे.

तिने एक गोष्ट सोडली नाही. रविवार. जाऊ गुडघ्यांनी थकली होती, म्हणून दांडी पुन्हा भावोजींच्या हाती आली होती. आम्ही ताईला खुर्चीसकट उचलून पाटावर ठेवत असू. भावोजी खुर्चीचे वजन वजा करत आणि आकडा सांगत. शेवटच्या रविवारी तिला दांडीपर्यंत वाकून वाचता येईना. भावोजींनी वजन सरकवले. मागे सरकवले. आणखी मागे सरकवले. दांडी तरंगली. ते तिच्याकडे पाठ करून उभे होते. फडके त्यांच्या खांद्यावर होते.

"किती?" ताईने विचारले.

"त्रेचाळीस," भावोजी म्हणाले.

"स्क्रू?"

भावोजी बाजूला झाले, म्हणजे तिला खुर्चीतून दिसावे. दांडीच्या टोकाशी तो स्क्रू मैद्याने पांढरा होता.

"हात लावला नाही," ते म्हणाले.

ताईने मान हलवली आणि तळहात पुढे केला. भावोजींनी आपला हात त्यावर ठेवला. तिने तो क्षणभर तोलला, आणि धरून ठेवला.